प्रसूती व नवजात आणीबाणीचा सांघिक सराव

बाळंतपणात किंवा जन्मानंतर लगेच उद्भवणारा जीवघेणा प्रसंग मॅनिकिन (सरावाची बाहुली) आणि बाळंतिणीची भूमिका करणारी सहकारी यांच्या मदतीने मुद्दाम उभा करून तो डॉक्टर, सिस्टर, एएनएम आणि मदतनीस यांच्याकडून एकत्र हाताळून घेण्याची प्रशिक्षणपद्धती. अतिरक्तस्राव, झटके, बाळाचा खांदा अडकणे आणि जन्मताच न रडणारे बाळ हे तिचे नेहमीचे विषय. बाळ रडले नाही तर ते पुसून, पाठ चोळून, तरीही श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटातच हाताने दाबायच्या ॲम्ब्यू बॅगने श्वास द्यायचा असतो. सरावात नेमके इथेच अडते. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसत नाही, हवा कडेने निसटते, बाहुलीची छाती वर येत नाही आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन कोणी करायचा हे ठरलेलेच नसते. ज्ञान असूनही हात आणि माणसे जुळत नाहीत, हा दोष लेखी परीक्षेत सापडत नाही. म्हणून सरावानंतरची चर्चा हा या पद्धतीचा गाभा आहे. तीत कोण चुकले याऐवजी काम कुठे अडले हे पाहिले जाते.

भारतात नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम (२००९), दक्षता (२०१५) आणि लक्ष्य (डिसेंबर २०१७) या योजनांनी प्रसूतिकक्षातील कौशल्यांवर भर दिला. पद्धतीच्या बाजूचा ठळक पुरावा इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयाचा आहे. तिथे प्रसूती विभागातील सर्वांना दरवर्षी एकत्रित प्रशिक्षण दिल्यानंतर प्राणवायूअभावी मेंदूला इजा झालेल्या बाळांचे प्रमाण दर १०,००० जन्मांमागे २७.३ वरून १३.६ वर आले (२००६). आपल्या अधिक जवळचा पुरावा बेळगावचा. तिथे ग्रामीण केंद्रांपासून शहरी रुग्णालयांपर्यंतच्या ५९९ जणांना ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ प्रशिक्षण दिल्यावर प्रसूतीच्या सुमारास दगावून मृत जन्मलेल्या बाळांचे प्रमाण १.७ वरून ०.९ टक्क्यांवर आले (२०१३). नवजात मृत्युदर मात्र बदलला नाही.

या मर्यादेवरच आक्षेप उभा राहतो. याच प्रशिक्षणाच्या नागपूर, बेळगाव आणि केनिया इथल्या २०१६च्या अभ्यासात तिन्ही ठिकाणे मिळून प्रसवकालीन मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही, मग खर्च कशाला? याच ठिकाणांच्या दुसऱ्या पाहणीत याचे एक उत्तर सापडते: प्रशिक्षणानंतर काही महिन्यांत माहिती बरीचशी टिकते, पण ॲम्ब्यू बॅग चालवण्याचे कौशल्य ओसरते. निष्कर्ष असा की एकदाचे प्रशिक्षण अपुरे पडते. तोच सराव थोडा थोडा, पुन्हा पुन्हा आणि स्वतःच्याच लेबर रूममध्ये व्हायला हवा. त्यातही अकाली जन्म आणि जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू केवळ सरावाने टळत नाहीत. त्यांना वेगळी सोय लागते.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा या निष्कर्षाची निकड दाखवतो. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ११,७७,३४५ आणि त्यातली सुमारे ८५ टक्के ग्रामीण. सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत तालुक्यांतील गावांतून गुंतागुंतीची बाळंतीण हिंगोलीला किंवा नांदेडला रेफर होते. पण न रडणाऱ्या बाळाला त्या प्रवासाची सवड नसते. लक्ष्य योजनेचा मुख्य रोख मोठ्या रुग्णालयांवर आहे, तर ते पहिले मिनिट प्राथमिक आरोग्य केंद्रातही येते. आधी रिक्त पदे भरा, मग सराव घ्या, असे म्हटले जाते. पदे भरलीच पाहिजेत. पण जिथे रात्री दोनच माणसे असतात, तिथे एकाने बाळ आणि दुसऱ्याने आई सांभाळायची, रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन दिल्यावर तसे मोठ्याने सांगायचे, हे आधीच पक्के असणे अधिक गरजेचे. कामातून वेळ मिळत नाही हेही खरे. म्हणूनच दिवसभराच्या कार्यशाळेपेक्षा ड्यूटी बदलताना बाहुलीवर दहा मिनिटांचा सराव परवडतो. प्रशिक्षण किती जणांना दिले या आकड्यापेक्षा, सहा महिन्यांनंतर किती जणांच्या हाताखाली बाहुलीची छाती वर येते, हाच जिल्ह्याच्या तयारीचा खरा मापदंड आहे.