चंदेरी फीत : युद्धावर न गेलेल्या सैनिकांविषयी

मंडळी, पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे खंदक येतात, चिखल येतो, काटेरी तारा येतात. आज आपण त्या चिखलापर्यंत न पोचलेल्यांविषयी बोलणार आहोत. नागरिक नव्हे बरं का, सैनिक. गणवेश घातलेले, शपथ घेतलेले, बंदूक चालवायला शिकलेले, पण लढाईवर कधी पाठवलेच न गेलेले. त्यांच्याकडे लढून आलेले त्यांचेच सोबती कोणत्या नजरेनं बघतात, हा आपला प्रश्न. उदाहरण अमेरिकेच्या सैन्याचं घेऊ, कारण तिथे ही नजर चक्क गणवेशाच्या बाहीवर शिवली गेली.

अमेरिका एप्रिल १९१७मध्ये युद्धात उतरली तेव्हा तिचं सैन्य लहान होतं. दीड वर्षात ते चाळीस लाखांच्या घरात गेलं. त्यातले सुमारे वीस लाख अटलांटिक ओलांडून फ्रान्सला पोचले. म्हणजे साधारण निम्मे मायदेशीच राहिले. कोण गेला आणि कोण राहिला, हे कशावर ठरलं? कोणाची पलटण आधी तयार झाली, कोणाला जहाजात जागा मिळाली, कोणाच्या वरिष्ठाला वाटलं की हा गडी शिकवतो चांगला, याला इथेच ठेवा. शौर्याची परीक्षा घेऊन कोणाला मागे ठेवलं नव्हतं. ती परीक्षा समुद्रापलीकडेच व्हायची होती.

आता बाहीकडे येऊ. युद्धक्षेत्रातल्या दर सहा महिन्यांच्या सेवेसाठी डाव्या बाहीवर एक सोनेरी फीत लावायची, असं ठरलं. मग मायदेशी राबणाऱ्यांचं काय? त्यांना चंदेरी फीत. हेतू चांगला होता, त्यांचीही कदर व्हावी. झालं उलटंच. फीत नसती तर माणूस गर्दीत खपून गेला असता. चंदेरी फितीनं तो गेला नाही याची जाहिरातच केली. अनेकांना ती मिरवण्यापेक्षा लपवावीशी वाटे.

बरं, फ्रान्सला जाऊन तरी सुटका होती का? तिथे पोचलेल्यांपैकी सहा लाखांहून अधिक माणसं रसद विभागात होती. बंदरावर पेट्या उतरवणं, रेल्वे चालवणं, पाव भाजणं. ज्याचा मुलगा सैन्यात आहे त्या घराच्या खिडकीत तेव्हा निळ्या ताऱ्याचा झेंडा लावत. मुलगा रसदीत आहे, तेव्हा आई, तो झेंडा उतरव, अशा अर्थाचं चेष्टेचं गाणं सैनिकांत प्रचलित होतं. ब्रिटिश सैन्यात अशा माणसाला ‘बेसवाला’ म्हणत. त्यातला ‘वाला’ आपल्याकडचा, हिंदुस्थानात राहून गेलेल्या गोऱ्या सोल्जरांनी नेलेला. सांगायचं काय, तर आघाडी ही उतरंड असते. खंदकातला तोफखान्याकडे बघून नाक मुरडतो, तोफखान्यातला डेपोकडे बघून, आणि डेपोतला मायदेशीच्या छावणीकडे बघून. प्रत्येकाला आपल्यामागे कोणीतरी लागतोच.

या छावणीतल्या दोन माणसांकडे आपण जरा थांबून बघू. १९१७च्या हिवाळ्यात कॅन्सासमधल्या फोर्ट लेव्हनवर्थला नवे अधिकारी तयार होत होते. त्यांना शिकवणाऱ्यांत ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा कॅप्टन होता, आणि शिकणाऱ्यांत स्कॉट फिट्झजेराल्ड नावाचा एक तरुण. दोघांनाही फ्रान्सला जायचं होतं. दोघांनाही जाता आलं नाही.

फिट्झजेराल्डनं पुढे ‘द ग्रेट गॅट्सबी’ लिहिली. तिचा नायक युद्धावरून पदक घेऊन आलेला आहे. लेखक गेला नाही, नायक जाऊन आला! आणि १९३६मध्ये, युद्ध संपून अठरा वर्षं झाल्यावर, त्यानं एक कथा प्रसिद्ध केली. तिचं नावच ‘आय डिडन्ट गेट ओव्हर’, म्हणजे मी पलीकडे पोचलोच नाही. अठरा वर्षं हे शल्य जिवंत राहतं, हे लक्षात घ्या.

आयझेनहॉवरना गेटिसबर्गजवळच्या कॅम्प कोल्टवर रणगाडा दलाचं प्रशिक्षण सोपवलं. गंमत म्हणजे सुरुवातीला तिथे रणगाडाच नव्हता. त्यांनी अर्जांवर अर्ज केले, मला आघाडीवर पाठवा म्हणून. अखेर हुकूम आला. जहाज १८ नोव्हेंबर १९१८चं. युद्ध थांबलं ११ नोव्हेंबरला. सात दिवस, मंडळी! त्यांचा वेस्ट पॉइंटचा वर्गमित्र ओमर ब्रॅडली, तोही गेला नाही. त्याची पलटण मोंटानात तांब्याच्या खाणींवर पहारा देत होती. तिकडे आयझेनहॉवरचे पुढे जिवलग मित्र झालेले जॉर्ज पॅटन फ्रान्समध्ये रणगाड्यांबरोबर लढून, जखमी होऊन परतले.

आणि मागे राहणं म्हणजे सुरक्षित राहणं, हेही खरं नव्हतं. १९१८च्या शरद ऋतूत इन्फ्लुएन्झाची साथ छावण्यांत शिरली. एकट्या कॅम्प कोल्टमध्ये शंभराहून अधिक सैनिक गेले. देशभरच्या छावण्यांत हजारोंनी. त्यांच्या मृत्यूला कोणी वीरमरण म्हटलं नाही.

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, त्यामुळे इथे थोडं थांबणं भाग आहे. कांट सांगतो की माणसाची नैतिक किंमत त्याच्या संकल्पात असते. परिणाम दैवावर अवलंबून, म्हणून तो मोजू नये. आपल्याकडच्या निष्काम कर्माच्या विचाराला हे मानवतं. १९७६मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी याला हरकत घेतली. प्रत्यक्षात आपण एकमेकांना जोखतो ते दैवानं समोर काय आणलं त्यावरूनच, असं त्यांचं निरीक्षण. चंदेरी फीत हे त्याचं कापडी उदाहरण. संकल्प दोघांचा एकच, जहाज मात्र एकालाच मिळालं.

मग ती नजर निव्वळ अन्याय म्हणायची का? आम्हाला तसं वाटत नाही. सोनेरी फीतवाला समोरच्याला ‘तू भित्रा’ म्हणतोच असं नाही. भित्रे त्यानं स्वतःच्या खंदकातही पाहिलेले असतात, एखाद्या रात्री स्वतःतही. तो म्हणत असतो, ‘तुला कळणार नाही.’ यात तथ्य आहे. तोफांचा मारा तासन्‌तास अंगावर घेतलेल्या माणसाला जे ठाऊक असतं ते व्याख्यान ऐकून कळत नाही. अन्याय त्यापुढच्या पायरीवर होतो. तुला माहीत नाही, एवढ्यावर न थांबता, म्हणून तू कमी, असं म्हटलं जातं तेव्हा.

दुसऱ्या महायुद्धात १९४३मध्ये अमेरिकेनं पायदळासाठी खास बिल्ला काढला. प्रत्यक्ष लढलेल्या पायदळ सैनिकालाच तो मिळे, पुढच्या वर्षी त्याला महिना दहा डॉलरची जोडही मिळाली. पण या सैन्याचा युरोपातला सरसेनापती कोण? तेच, सात दिवसांनी हुकलेले आयझेनहॉवर. हाताखाली पॅटन होते, आणि १९१४मध्ये छातीत गोळी खाल्लेले ब्रिटिश सेनानी माँटगोमेरीही. ५ जून १९४४च्या संध्याकाळी आयझेनहॉवर इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमनच्या विमानतळावर १०१व्या हवाई डिव्हिजनच्या छत्रीधारी जवानांना भेटायला गेले. छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्या डिव्हिजननंही तोवर एकही लढाई पाहिली नव्हती. पाठवणारा आणि निघालेले, दोघेही तोवर ‘न गेलेले’च होते. काही तासांत त्या पोरांचं ते बिरुद संपलं, काहींचं आयुष्यासकट. आयझेनहॉवरनी मोहीम फसली तर दोष एकट्या माझा, अशा अर्थाची चिठ्ठी आधीच लिहून ठेवली होती.

शब्द बदलत गेले. इराकमध्ये तळ सोडून बाहेर न पडणाऱ्याला ‘फॉबिट’ म्हणू लागले, तळाच्या इंग्रजी आद्याक्षरांना टोल्किनचा हॉबिट जोडून. (टोल्किन स्वतः १९१६मध्ये सोमच्या लढाईत होते.) पण तिथे आघाडीच उरली नव्हती. २३ मार्च २००३ला ५०७व्या दुरुस्ती कंपनीचा ताफा वाट चुकून नासिरियात शिरला आणि वेढला गेला. ११ सैनिक ठार झाले. ही माणसं म्हणजे मेकॅनिक, स्वयंपाकी, भांडारातले कारकून. पायदळाच्या बिल्ल्याला त्यांच्यातला कोणीच पात्र नव्हता. २००५मध्ये सैन्यानं वेगळा बिल्ला काढला, शत्रूशी प्रत्यक्ष गाठ पडलेल्या इतर शाखांतल्या सैनिकांसाठी. पायदळाचा जुना मात्र वेगळाच ठेवला.

आता सोनेरी फितीबरोबर आणखी एक खूण आहे. युद्धक्षेत्रात सेवा केलेला सैनिक त्या वेळच्या आपल्या तुकडीचं चिन्ह उजव्या बाहीवर वर लावतो. २०२१मध्ये अफगाणिस्तानातून माघार झाली. तेव्हा प्रशिक्षण संपवून पाळीची वाट बघत बसलेल्या पोरांची पाळी आलीच नाही. त्यांच्या उजव्या बाहीवर आज नुसतं कापड आहे, आणि नव्या सार्जंटची नजर अजूनही आधी तिथेच जाते.