अनाथांचा वाद्यवृंद

लढायांची व तहांची नोंद इतिहासात होते; भुकेल्या मुलाच्या ताटात कोणी अन्न वाढले, याची नोंद सहसा कोठे राहत नाही. मैहरच्या वाद्यवृंदाची हकीकत मात्र अशा एका ताटापासूनच सांगावी लागते.

पूर्व बंगालमधील शिवपूर गावचा अल्लाउद्दीन नावाचा मुलगा गाण्याच्या वेडाने घर सोडून कलकत्त्यास आला. गाठी पैसा नव्हता, शहरात ओळखीचे कोणी नव्हते. गोरगरिबांसाठी चाललेल्या अन्नछत्रात जेवावे, गंगेचे पाणी प्यावे आणि गुरूचा शोध करावा, असे दिवस त्याने काढले. अन्न वाढणारांना हा मुलगा पुढे कोण होणार, याची कल्पना असणे शक्यच नव्हते. म्हणूनच त्या घासाचे मोल अधिक.

पुढे रामपूरच्या वझीरखाँजवळ खडतर विद्याभ्यास करून अल्लाउद्दीनखाँ मैहर संस्थानात महाराज ब्रिजनाथसिंह यांच्या पदरी राहिले. इतक्यात १९१८ साल उजाडले. जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झा देशात शिरला. पावसाळा सरता सरता त्याने उग्र रूप धरले. महाराष्ट्रात याच साथीला लोक 'मानमोडी' म्हणत. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिला बळी पडली. ऐन उमेदीतली माणसे मोठ्या संख्येने गेली, आणि त्यामुळे मागे पोरकी मुले उरली.

मैहरमधील अशी मुले खाँसाहेबांनी जवळ केली. त्यांना नुसते अन्न देऊन ते थांबले नाहीत. त्यांच्या हाती वाद्ये दिली. मुलांना अक्षरओळख नव्हती, तेव्हा सारी विद्या कानावाटे द्यावयाची होती. एकेक गत शंभरदा वाजवून घ्यावी, चुकल्यास पुन्हा आरंभ करावा. खाँसाहेबांचा राग प्रसिद्ध होता, आणि त्याची झळ शिष्यांना लागत असे. त्यांची माया मऊ नव्हती. पण अनाथ म्हणून मुलाला कमी शिकवावे, असेही त्यांनी कधी मानले नाही. बंदुकीच्या नळ्या लहानमोठ्या कापून त्यांनी 'नलतरंग' हे वाद्य घडविले. ज्या नळीतून गोळी सुटायची, तिच्यातून सूर निघू लागला.

या मुलांतून 'मैहर बँड' उभा राहिला. भिक्षेवर जगणे ज्यांच्या वाट्यास आले असते, ती मुले श्रोत्यांपुढे ताठ मानेने बसली. पुढे रविशंकर, अली अकबर, अन्नपूर्णादेवी, निखिल बॅनर्जी यांच्यासारखे शिष्य याच गुरूच्या हाताखाली तयार झाले व त्यांची कीर्ती जगभर गेली. बँडमधील मुलांची नावे फारशी कोणास ठाऊक नाहीत. कलकत्त्याच्या अन्नछत्रात वाढणारांचीही नाहीत.

१९७२ साली बाबा अल्लाउद्दीनखाँ निवर्तले. वाद्यवृंद त्यांच्यामागेही वाजत राहिला. उपकाराची फेड उपकारकर्त्यालाच करता येते असे नाही. पुष्कळदा ती पुढच्या भुकेल्याच्या ताटात वाढावी लागते, आणि बाबांनी ती सुरांसह वाढली.