नायसियाच्या नावावर खपलेली गोष्ट

ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की आपल्याकडच्या बऱ्यापैकी वाचन असलेल्या माणसांच्या तोंडी एक गोष्ट हमखास येते. येशू मुळात एक साधा उपदेशक. त्याला देव ठरवले ते रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने, इ.स. ३२५ मध्ये नायसियाला बिशपांची सभा भरवून, मतदान घेऊन, तेही निसटत्या बहुमताने. त्याच बैठकीत ऐंशीएक शुभवर्तमानांतून चार उचलली आणि बाकीची जाळली. डॅन ब्राऊन यांच्या ‘द दा विंची कोड’ या २००३ च्या कादंबरीने ही गोष्ट घरोघरी पोचवली. कादंबरीतल्या एका पात्राची बडबड मग इतिहास म्हणून भाषणांतून, अग्रलेखांतून फिरू लागली.

हा पूर्वपक्ष अगदीच हवेतला नाही. सभा सम्राटानेच बोलावली, बिशपांच्या प्रवासाची सोय सरकारी खर्चाने झाली आणि तो स्वतः सभेत येऊन बसला. पुत्र, म्हणजे येशू, हा पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, या शब्दयोजनेमागे सम्राटाचे वजन होते, असे सभेला हजर असलेला युसेबियस हा बिशपच सांगतो. सभेच्या श्रद्धावचनावर सही न करणाऱ्यांना हद्दपारी मिळाली. राजसत्तेने धर्मात हात घातला एवढेच कुणाला म्हणायचे असेल, तर वाद मिटला. पण दावा त्याहून मोठा आहे आणि तो पुराव्यापुढे टिकत नाही.

आधी सभेतला तंटा काय होता ते पाहू. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणत होता की, पुत्र सर्व युगांच्या आधी, साऱ्या सृष्टीच्या आधी निर्माण झाला, पण निर्माण झाला. म्हणून तो पित्याच्या बरोबरीचा नाही. म्हणजे ज्याला विरोधी पक्ष म्हणायचे, तोही येशूला साधा माणूस मानत नव्हता. बहुमताचे म्हणाल तर परंपरेने बिशपांची संख्या ३१८ सांगितली जाते, युसेबियस अडीचशेच्या वर सांगतो. शेवटपर्यंत सही नाकारणारे बिशप दोन, दोघेही लिबियाकडचे. याला निसटते बहुमत म्हणायचे तर एकमत कशाला म्हणावे?

आता ३२५ च्या मागे जाऊ. ज्या बिथिनिया प्रांतात नायसिया होते, त्याच प्रांताचा कारभार इ.स. ११२ च्या सुमारास धाकट्या प्लिनीकडे होता. नायसियाच्या नाट्यगृहावर पाण्यासारखा पैसा ओतूनही भिंतींना तडे कसे गेले, याची तक्रार त्याने सम्राट ट्रेजनला लिहून कळवली आहे. तसल्याच कारभारी सुरात त्याने ख्रिस्ती लोकांविषयीही लिहिले. ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी ही माणसे जमतात, एखाद्या देवाला आळवावे तसे ख्रिस्ताला उद्देशून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, ही माहिती त्याने चौकशीत काढली. खात्री करून घ्यायला दोन दासींचा छळही केला. प्लिनीच्या लेखी हा सगळा खुळचट प्रकार होता. ख्रिस्ती पंथाचे भले व्हावे असे त्याला काडीमात्र वाटत नव्हते, म्हणून त्याची साक्ष मोलाची. सभा भरण्याआधी दोनशेहून अधिक वर्षे, त्याच प्रांतात, येशूची उपासना देव म्हणून चालू होती.

कुणी म्हणेल, हा कागद झाला. मातीतून काय निघाले? २००५ साली इस्राएलमध्ये मगिद्दोच्या तुरुंगाच्या आवारात बांधकामापूर्वी उत्खनन झाले. खणायला कैदीच होते. तिथे एका दालनाची रंगीत खड्यांची फरशी उघडी पडली. फरशीत दोन मासे आहेत आणि ग्रीक लेख आहेत. एका लेखात अकेप्तूस नावाच्या बाईने ‘देव येशू ख्रिस्त’ याला स्मारक म्हणून मेज अर्पण केल्याची नोंद आहे. दुसऱ्या लेखानुसार गाइयानस या रोमन शतपतीने स्वखर्चाने ही फरशी करून घेतली. उत्खनकांनी तिचा काळ २३० च्या सुमाराचा धरला. काही अभ्यासक तो तिसऱ्या शतकात आणखी पुढे सरकवतात. सरकवा, तरी कॉन्स्टंटाइनच्या सभेच्या अलीकडे तो येत नाही. सिरियातल्या दुरा-युरोपोसला तर तेवढीही ओढाताण नाही. ससानी फौजेचा वेढा पडणार म्हणून तटालगतच्या इमारती मातीने भरून टाकल्या आणि २५६ च्या सुमारास शहर पडले ते पडलेच. त्या भरावाखाली एक साधे घर जसेच्या तसे राहिले. मधली भिंत पाडून दोन खोल्यांचे सभागृह केलेले, शेजारी बाप्तिस्म्याची खोली, तिच्या भिंतींवर पाण्यावरून चालणारा येशू आणि खाट उचलून निघालेला पक्षाघाती. शुभवर्तमानांतल्या कथा सीमेवरच्या छावणीगावात भिंतीवर रंगवण्याइतक्या रुळल्या होत्या.

राहिला ग्रंथनिवडीचा भाग. नायसियाच्या सभेने केलेले वीस नियम आज उपलब्ध आहेत. पहिला नियम स्वतःचे खच्चीकरण करून घेतलेल्या धर्मगुरूंविषयी, सतरावा व्याजबट्टा करणाऱ्यांविषयी, विसावा रविवारी गुडघे न टेकता उभे राहून प्रार्थना करण्याविषयी. कोणते ग्रंथ प्रमाण, यावर एकही नाही. जाळण्याचा हुकूम निघाला हे खरे, पण तो एरियसच्या लिखाणाबाबत. चार शुभवर्तमानांचा हट्ट त्याच्या कितीतरी आधीचा. लियाँचा बिशप आयरेनियस १८० च्या सुमारास सांगतो की, शुभवर्तमाने चारच, कारण दिशा चार, वारे चार. तर्क म्हणून हे कारण लंगडे आहे, पण असले कारण माणूस तेव्हाच जोडतो, जेव्हा चारचा आकडा आधीच पक्का झालेला असतो. डब्लिनमध्ये जपलेल्या तिसऱ्या शतकातल्या एका पपायरस पोथीत हीच चार शुभवर्तमाने एकत्र बांधलेली होती.

मग नायसियाचे नाव यात आले कुठून? बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याने एके ठिकाणी म्हटले आहे की, यहुदीथचे पुस्तक त्या सभेने पवित्र ग्रंथांत धरल्याचे वाचनात येते. एवढा एक उल्लेख प्रतिपक्षाने जरूर पुढे करावा, पण तो जुन्या करारातल्या पुस्तकाबद्दल आहे, शुभवर्तमानांबद्दल नाही. निवडीच्या कथेचे मूळ नवव्या शतकाच्या अखेरीच्या एका ग्रीक संकलनात सापडते. तिथे तर मतदानही नाही: सगळी पुस्तके वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली आणि खोटी आपोआप खाली राहिली! व्होल्तेअरने या चमत्काराची यथेच्छ टर उडवली आणि ती कथा युरोपभर गेली. पुढे चमत्कार गळाला, निवड तेवढी राहिली.

३२५ नंतरचा पुरावाही या गोष्टीला गोत्यात आणतो. यादी सभेत ठरली असती तर चौथ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लिहिलेल्या बायबलच्या सिनाई पोथीत बर्णबाचे पत्र आणि ‘हर्मासचा मेंढपाळ’ ही पुस्तके आली नसती. नव्या करारातली सत्तावीस पुस्तके, नेमकी तेवढीच, पहिल्यांदा मोजून दिली ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनाशियस याने, ३६७ च्या ईस्टरपत्रात. आणि जी जाळली म्हणतात त्यांपैकी कितीतरी १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीला निघाली. तिथल्या एका पोथीच्या पुठ्ठ्यात वापरलेल्या रद्दी कागदांवर ३४० नंतरच्या दशकातल्या तारखा आहेत. म्हणजे नायसियानंतरही लोक हे ग्रंथ बिनदिक्कत उतरवून घेत होते. त्यांत साधा, मानवी येशू सापडेल अशी ज्यांची आशा असेल, त्यांची निराशा होईल. एका ग्रंथात तर तो वधस्तंभावर गेलाच नाही, वरून हसत होता, असे वर्णन आहे.

या साऱ्यावरून येशू देव होता हे सिद्ध होत नाही. तसे करणे उत्खननाचे कामही नव्हे. त्याला देव मानणारी माणसे केव्हापासून आणि कुठे होती, एवढेच सिद्ध होते. त्यात सम्राटाचा वाटा सांगायचा तर हाही भाग सांगावा लागेल: त्याने पुढे एरियसला परत बोलावले, ३३५ मध्ये एरियसचा विरोधक अथनाशियस यालाच हद्दपार केले आणि ३३७ मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या बाजूच्या निकोमिडियाच्या युसेबियस नावाच्याच दुसऱ्या बिशपकडून. तेव्हा नायसियाने शुभवर्तमाने निवडली असे यापुढे कुणी व्यासपीठावरून सांगितले, तर वाचकांनी त्याला एकच विचारावे: वीसपैकी कितवा नियम?