कातारी, करंडा आणि पोकळी

माझ्या आईचा कुंकवाचा लाकडी करंडा आता माझ्याकडे आहे. उंची चार बोटे, लाखेचा लाल रंग, त्यावर पिवळ्या दोन रेघा. आम्ही भाईंदरला राहायला आलो तेव्हापासून त्याची एक खोड आहे. जुलै लागला की झाकण अडकते आणि दिवाळीच्या सुमारास आपोआप सुटते. खाडीकाठच्या हवेत ते साहजिकच होते. आईला त्याचे काहीच वाटत नसे. चार महिने ती कुंकू वाटीत काढून ठेवी. मी मात्र पंचवीस वर्षांपूर्वी शहाणपणा करून झाकणाची कड काचकागदाने घासली. त्या पावसाळ्यात झाकण छान निघाले आणि पुढच्या मार्चमध्ये ते डुगडुगू लागले, ते आजतागायत. ज्याने हा करंडा कातला त्याला किती जागा सोडायची ते माहीत होते, मला नव्हते. हा लेख त्या माणसाच्या शोधातून निघाला आहे.

त्या माणसाला मराठीत नाव आहे: कातारी. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये कातारी ही जात वेगळी नोंदलेली आहे. पाळण्याचे दांडे, पलंगाचे खूर, लाटणी, भोवरे, खुळखुळे, भातुकलीची भांडी, करंडे हा त्यांचा माल. आज हा शब्द आडनावापुरता उरला आहे. ‘कातीव’ हे विशेषण मात्र आपण रोज वापरतो. नटीचा चेहरा कातीव असतो, शिल्पातली कंबर कातीव असते. वापरणाऱ्याच्या मनात मात्र फिरणारे लाकूड आणि त्यावर टेकवलेली पटाशी क्वचितच असते. धंदा गेला आणि त्याची स्तुती तेवढी भाषेत राहिली.

भाषेच्या मागे गेले की पुराणही भेटते. सूर्याचे तेज संज्ञेला सोसेना, म्हणून तिच्या बापाने, विश्वकर्म्याने, सूर्याला यंत्रावर चढवून त्याचे काही तेज कातून काढले, आणि खाली पडलेल्या त्या तेजापासून विष्णूचे चक्र, शिवाचा त्रिशूळ अशी देवांची शस्त्रे घडवली, अशी कथा विष्णुपुराणात आहे. तिथे यंत्रासाठी ‘भ्रमि’ हा शब्द येतो. ही कथा रचणाऱ्याने कातारी काम करताना जवळून पाहिला असणार असे मला वाटते. कातणाऱ्याच्या पायाशी भुशाचा केवढा ढीग पडतो हे ज्याने पाहिले, त्यालाच त्या ढिगाचे काय झाले असा प्रश्न सुचेल.

यंत्र साधे. दोन खुंटांमध्ये लाकूड, त्याला दोरीचे दोन-तीन वेढे, आणि दोरी ओढायला दुसरा माणूस, बहुतेक वेळा घरातलेच कोणी. दोरी इकडून ओढली की लाकूड एका दिशेने फिरते, तिकडून ओढली की उलट. हत्यार लावायचे ते लाकूड आपल्या अंगावर येत असेल तेव्हाच. उलट फिरताना ते केसभर मागे घ्यायचे. इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या भित्तिशिल्पात, एक जण दोरी ओढतो आणि दुसरा हत्यार धरतो असे दाखवले आहे. आपला कातारी जमिनीवर बसून पायाच्या बोटांनीही हत्यार सावरत असे, एवढाच काय तो फरक. विजेची मोटर आल्यावर लाकूड एकाच दिशेने फिरू लागले आणि दोरी ओढणारे माणूस कारखान्यातून गेले.

लाटणे कातणे आणि करंडा कातणे यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. लाटण्याला दोन्ही टोकांचा आधार असतो. पोकळ वस्तू करायची तर एक तोंड मोकळे सोडावे लागते, कारण हत्यार तिथूनच आत जाणार. म्हणजे सगळा भार एका बाजूच्या पकडीवर. त्यासाठी फिरत्या खोबणीत ठोकळा ठोकून घट्ट बसवतात. आत किती कोरले ते दिसत नाही. आवाजावरून आणि हाताला येणाऱ्या थरथरीवरून ओळखायचे. भिंत पातळ झाली की आवाज बदलतो. एक फेरा जास्त झाला तर तळ फुटून दिवसभराची मेहनत पायाशी पडते.

शिवाय लाकूड कातून झाल्यावरही स्वस्थ बसत नाही. वाळताना ते लांबीत जवळजवळ आटत नाही, पण वर्षवलयांच्या कडेने जेवढे आटते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याच्या दिशेने आटते. त्यामुळे ओले असताना गोल कातलेले भांडे वाळल्यावर लंबगोल होते. म्हणून जाणता कारागीर आधी जाड भिंत ठेवून ओबडधोबड पोकळ काढतो, ते काही महिने सावलीत पडू देतो, आणि मग पुन्हा चढवून शेवटचा आकार देतो. झाकण आणि बूड एकाच ठोकळ्यातून काढले तर दोघांची आटण्याची दिशा जुळते. आमच्या करंड्याच्या बुडावरची रेष झाकणावर पुढे चालू राहते. हे मला कळले तेव्हा कड घासून झालेली होती.

आता ‘करंडा’ हाच शब्द घ्या. संस्कृतात करंड म्हणजे मुळात बांबूच्या कामट्यांची झाकणाची टोपली किंवा पेटी. पेशावरजवळ १९०८ साली सापडलेल्या कनिष्काच्या नावाच्या धातूच्या करंड्यावरील लेखातला एक शब्द अलीकडे ‘गंधकरंड’ असा वाचला गेला आहे, म्हणजे सुवासिक द्रव्याची डबी. टोपलीचे नाव डबीला लागले, डबीत अस्थी ठेवल्या गेल्या, आणि शेवटी ते देव्हाऱ्याजवळच्या कुंकवापाशी येऊन थांबले.

या प्रवासाचा एक मुक्काम माझ्या घरापासून तीन स्टेशनांवर आहे. नालासोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एक स्तूप खणला. आत दगडाचा गोल पेटारा, त्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले असावेत असा पंडितजींचा तर्क. एका फुटक्या भांड्यासाठी एवढी भांडी! त्या टेकाडाला गावकरी बुरुड राजाचा कोट म्हणत. टोपल्या विणणाऱ्याच्या नावाच्या टेकडीखाली एकात एक करंडे निघावेत हा योगायोगच असेल, पण तिथे गेलो की तो माझ्या मनातून जात नाही.

सोपाऱ्यात लाकडाचा करंडा नाही, कारण लाकूड आपल्या हवेत दोन हजार वर्षे क्वचितच टिकते. पण त्याची सावली दगडात सापडते. पिप्रहवा येथे १८९८ साली निघालेले शंखजिऱ्याचे करंडे यंत्रावर कातलेले आहेत. दगड कातण्याआधी तो हात लाकडावर बसलेला असणार, असे माझे मत आहे. शंखजिरे मऊ असले तरी चूक झाली तर दगड वाया जातो. शिकाऊ पोराच्या हाती तो कोण देईल?

मग लाकडाची पोकळ भांडी स्वयंपाकघरात का रुजली नाहीत? युरोपात मध्ययुगात सामान्य माणूस कातलेल्या लाकडी वाडग्यातच जेवत असे. इथे मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भांडी शुद्ध करण्याचे नियम आहेत: धातू घासून, माती पुन्हा भाजून, आणि लाकूड तासून. म्हणजे विटाळ झाला की भांड्याचा एक थर काढायचा. रोज उष्टे होणारे पातळ भांडे अशाने किती दिवस टिकेल? पीठ मळायची काठवट जाड आणि कोरीव, ती तासणे सोसू शकते. कातीव वाटी सोसत नाही. म्हणून कातारी कोरड्या आणि शुभ वस्तूंकडे वळला असावा. कुंकू, सुपारी, अत्तर, आणि पोरांची भातुकली, जिला विटाळ नसतो. हा माझा अंदाज आहे, जाणकारांनी खोडावा.

सावंतवाडीचे नाव या संदर्भात निघणारच. चितारआळीतली पांगाऱ्याच्या लाकडाची फळे, खेळणी आणि लाखकाम सर्वांना ठाऊक आहे. तिथली दशावतारी गंजिफा, दहा रंगांची एकशे वीस गोल पाने, १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून पुन्हा उभी केली, ही मोठीच कामगिरी. पण आळीचे नावच पाहा: चितारआळी. रंगवणारा वस्तूवर दिसतो. आतली पोकळी काढणाऱ्याची खूण रंगाखाली झाकली जाते. लाकडी करंडा हातात घेतला की आपण वेलबुट्टी बघतो, भिंतीची जाडी कोण बघतो? लाखेची कांडी फिरत्या लाकडाला टेकवली की घर्षणाने ती वितळून चिकटते. म्हणजे एकरंगी करंड्याचा रंगसुद्धा कातारीच चढवतो. तरी श्रेय नेहमी चित्राकडे जाते.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे ओळीने आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यातल्या एकात मी तासभर उभा होतो. डबे बहुतेक प्रेसखाली ओढून निघतात, पण काही आकार अजून लेथवर होतात. पत्र्याची चकती साच्याला दाबून फिरवायची आणि लांब दांड्याने रेटत रेटत साच्यावर बसवायची. काम करणारा पोरगा दांडा बगलेत धरून सगळे अंग त्यावर टाकत होता. शेजारी काही जुने साचे पडले होते. ते लाकडाचे होते, कातीव, धातूच्या घासण्याने काळे झालेले. लाकडाचे भांडे आतून रिकामे होत जाते. इथे भरीव लाकडाभोवती पोकळी तयार होते आणि लाकूड मागे राहते.

मी खिशातून करंडा काढून त्याला दाखवला. त्याने झाकण काढून परत बसवले, बोटाने कड तपासली आणि विचारले, ‘ह्याला घासलं कोणी?’