बो चर्चच्या घंटा आणि कॉक्नी बोली

लंडनमधील सेंट मेरी-ल-बो या चर्चच्या घंटांचा नाद जेथवर पोचतो, त्या परिसरात जन्मलेला तो कॉक्नी, अशी व्याख्या जॉन मिन्शू यांच्या १६१७ च्या कोशात आढळते. मे १९४१ मधील जर्मन बाँबहल्ल्यात या घंटा नष्ट झाल्या. व्हाइटचॅपलच्या ओतशाळेत १९५६ मध्ये बारा घंटांचा नवा संच ओतण्यात आला आणि १९६१ मध्ये तो निनादू लागला. मधल्या वीस वर्षांत, व्याख्या अक्षरशः घेतल्यास, एकही कॉक्नी जन्मला नाही. बोली मात्र अखंड चालू राहिली. अर्थात घंटानाद हे त्या भाषिक समाजाने स्वतःच्या ओळखीसाठी स्वीकारलेले केवळ एक चिन्ह होते. म्हणूनच या जीर्णोद्धाराची नोंद वास्तूच्या इतिहासाबरोबरच भाषिक अस्मितेच्या इतिहासातही व्हावयास हवी.