बळीराजा कोणाचा?

पाडव्याच्या दिवशी ओवाळणीचे तबक पुढे येते आणि घरातली वडीलधारी बाई म्हणते, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो!" हे शब्द इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांतले नवल कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्याला वामनाने पाताळात घातले त्याचेच राज्य आपण मागतो, आणि सकाळी त्याच घरात विष्णूला तुळस वाहिलेली असते! मग हा बळी देवाधर्माचा, की नुसता लोकांचा?

पोथीला विचारावे, तर तो धर्माचाच. भागवताच्या आठव्या स्कंधात प्रल्हादाचा हा नातू तीन पावले भूमी देऊन बसतो आणि तिसऱ्या पावलासाठी स्वतःचे मस्तक पुढे करतो. देव प्रसन्न होऊन त्याला सुतलाचे राज्य देतो आणि स्वतः त्याच्या दाराशी राखण करतो. जिंकलेल्याने हरलेल्याची द्वारपालकी पत्करावी, ही गोष्ट पोथीतच आहे बरे!

पण बळी पोथीपुरता कधीच राहिला नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पतंजलीच्या महाभाष्यात, बळीला बांधल्याचा प्रसंग लोकांपुढे करून दाखवीत, असा उल्लेख आहे. पुढे 1030 च्या सुमारास अल्-बिरुनीने दिवाळीचे वर्णन केले. लक्ष्मी या दिवशी बळीला बंधनातून सोडते, म्हणून या सणाला 'बलिराज्य' म्हणतात, असे तो लिहितो. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही दिव्यांच्या या सणाला बळीचे नाव होते.

महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी'त ही कथा उलट बाजूने वाचली. त्यांचा बळी हा रयतेचा न्यायी राजा, आणि वामन हा कपटाने राज्य बुडवणारा. त्यासाठी त्यांनी साक्ष काढली ती ओवाळताना बायका म्हणतात त्याच शब्दांची.

केरळात ओणमला महाबली प्रजेला भेटायला येतो, अशी समजूत आहे. अंगणात फुलांची रांगोळी घालतात आणि मातीचा 'तृक्काकर अप्पन' मांडतात. हा अप्पन म्हणजे तृक्काकरच्या देवळातला वामन! स्वागत हरलेल्याचे, आणि मूर्ती जिंकणाऱ्याची. या सणाच्या पंगतीत हिंदूंबरोबर ख्रिस्ती आणि मुसलमान शेजारीही आनंदाने बसतात.

तेव्हा बळीच्या कपाळी एकच शिक्का मारू पाहणाऱ्याची पंचाईत होते. देव्हाऱ्यातून त्याला अजिबात उठवले, तर दानासाठी मस्तक देणारा भक्त हरवतो. देव्हाऱ्यातच कोंडला, तर रयतेचा राजा हरवतो. मला विचाराल, तर त्याच्यापाशी काय मागितले जाते तेवढे पाहावे. कोणी त्याच्याकडे मोक्ष मागत नाही. दुखणे टळावे, घरात दाणा असावा, राज्य करणाऱ्याने नीट करावे, एवढेच मागणे. ते अगदी संसाराचे आहे. पण मागताना हातात दिवा असतो, डोक्यावर पदर असतो. आपल्या आयाबायांना धर्म आणि संसार यांच्यामध्ये कुंपण घालण्याची गरज कधी वाटली नाही.

पोथीत निकाल वामनाच्या बाजूने लागला. तो त्यांनी मान्य केला, पण हरलेल्या राजाला विसरल्या मात्र नाहीत. आजही आपण शेतकऱ्याला 'बळीराजा' म्हणतो. यंदा ओवाळणीच्या वेळी ते शब्द कानी पडतील, तेव्हा शेतातल्या त्या बळीच्या घरी आज काय शिजले असेल, एवढे तरी मनात यावे.