कुत्र्याचं दुखणं इतिहासात कुठे सापडतं?

मित्रांनो, संशोधनाची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "साधनांत काही सापडलंच नाही तर काय करायचं?" आज त्यावरच बोलू. उदाहरण घेतोय मोठ्या कुत्र्यांच्या खुब्याच्या दुखण्याचं. हसू नका, शेवटी उपयोग होईल.

पोलादपुरात आमच्या घरी एक लॅब्राडोर होता. सातव्या वर्षी तो ओटीच्या पायऱ्यांशी थबकायला लागला. झोपून उठताना मागचे पाय ओढायचा, धावताना दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम टाकायचा. आम्ही सगळे एकच म्हणायचो, "म्हातारा झाला." या वाक्यामुळे त्याचं पुढचं वर्ष वेदनेत गेलं. कारण म्हातारपण हा रोग नव्हे. दुखणं वेगळं होतं आणि त्यावर उपायही होते.

आता इतिहासाकडे या. आमच्या शेजारच्या महाड तालुक्यात रायगडावर वाघ्याचं स्मारक आहे. ते १९३६ सालचं. शिवकालीन कागदपत्रांत या कुत्र्याचा उल्लेख मिळत नाही, असं अनेक अभ्यासक म्हणतात आणि त्यावरून वादही झाले. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. दोन्ही ठिकाणी आपल्याला कळते ती कुत्र्याची निष्ठा. त्याच्या शरीराबद्दल एक ओळही नाही. मग जुन्या काळी कुत्र्यांचे खुबे दुखत नव्हते, असं म्हणायचं का?

इथेच नवा संशोधक घसरतो. साधन लिहिणाऱ्याला जे महत्त्वाचं वाटलं, तेवढंच साधनात उतरतं. बखरकाराला कुत्र्याची चाल टिपायचं कारणच नव्हतं. उल्लेख नाही म्हणजे घटना नाही, हा निष्कर्ष काढण्याआधी विचारा: हे दिसण्याची सोय तेव्हा होती का?

खुब्याच्या बाबतीत ती नव्हती. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्येच सुरू झालं होतं, पण जिवंत कुत्र्याच्या सांध्याच्या आत डोकावायचं साधन तेव्हा कुणाकडेच नव्हतं. बॉस्टनचे पशुवैद्य गेरी श्नेल यांनी या विकाराचं वर्णन केलं ते १९३५ साली. सुरुवातीला तो दुर्मीळ समजला गेला. पुढे क्ष-किरण चित्रं काढायची पद्धत रुळली आणि जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींत तो सर्रास दिसू लागला. अमेरिकेत १९६६ मध्ये अशा चित्रांची नोंद ठेवणारी संस्था उभी राहिली. म्हणजे रोग अचानक वाढला, असं यावरून सिद्ध होत नाही. बघणारे मात्र नक्की वाढले.

पुढचा टप्पा कारणांचा. खुब्याची वाटी आणि मांडीच्या हाडाचा गोळा नीट बसत नाहीत, सांधा सैल राहतो, झिजतो आणि मग संधिवात होतो. हे आनुवंशिक आहे, पण तेवढंच नाही. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं आणि आयुष्यभर नोंदी ठेवल्या. कमी खाणाऱ्यांत खुब्याचा विकार कमी निघाला. त्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं भरलं, दुसऱ्या गटाचं ११.२. आपण लाडाने घातलेली जादा पोळी सांध्यावर बसते, ती अशी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. क्ष-किरण चित्र वाईट असूनही कुत्रा बरा चालतो आणि चित्र बरं असूनही लंगडतो, असं होतं. चित्र हे साधन आहे, वेदना नव्हे. कागद आणि घटना यांतही असंच अंतर असतं.

घरी कुत्रा असेल तर त्याची चाल वाचायला शिका. उठायला वेळ लागणं, पायऱ्या टाळणं, कंबर डोलणं, मागच्या मांड्या बारीक होणं ही लक्षणं. कुत्रा कण्हेलच असं नाही. वजन उतरवा. लांब धावण्याऐवजी रोज थोडं थोडं चालवा. गुळगुळीत टाइल्सवर गोणपाट किंवा चटई टाका, पावसाळ्यात अंथरूण कोरडं आणि जाड ठेवा. पशुवैद्याला दाखवा. कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं वेगळी असतात, गरज पडली तर शस्त्रक्रियाही होते. आपल्या डब्यातली कॉम्बिफ्लाम किंवा ब्रुफेन मात्र चुकूनही देऊ नका, जिवावर बेतू शकतं.

आमच्या घरी हे सगळं एक वर्ष उशिरा सुरू झालं. त्यानंतर तो पुन्हा पायऱ्या चढू लागला. हळू, पण स्वतःहून.

आता तुमच्या विषयातलं एक "म्हातारा झाला" शोधा. सगळ्यांना पटलेलं आणि म्हणून कुणीच न तपासलेलं एक वाक्य. प्रबंधाचा प्रश्न बहुतेक वेळा त्याच्याच खाली दडलेला असतो.